वडाचं देवक

राजेश्वरीबाई सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात, आणि शिकवणाऱ्या माणसाला जी खोड लागते ती त्यांनाही लागलेली आहे. समोर चार माणसं गप्प बसलेली दिसली की त्यांना काहीतरी सांगावंसं वाटतं. वर्गात ही खोड खपून जाते. सुपारी फोडायच्या बैठकीत खपत नाही, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि कळलं तोवर सख्ख्या भाचीचं ठरलेलं लग्न त्यांच्या तोंडानं मोडून झालं होतं.

बैठक होती मसूरजवळच्या गावात, त्यांच्या धाकट्या भावाच्या, नाथाजीच्या घरी. मुलगी प्रियदर्शनी कराडात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. मुलगा वीरधवल पलूसकडचा, लष्करात, तेव्हा कुठंतरी वर बर्फात होता. बघायच्या कार्यक्रमात दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि मग सबंध हिवाळा फोनवर काढला. पोरगा मोठा नमुनेदार. चौकीपाशी दगडाला चिकटलेलं एखादं झुडूप नाहीतर दगडफूल दिसलं की त्याचा फोटो पाठवायचा आणि खाली लिहायचा, आत्याबाईंना विचार हे काय आहे. राजेश्वरीबाई चष्मा लावून, पुस्तकं धुंडाळून उत्तर द्यायच्या. न पाहिलेल्या जावयाशी त्यांची ओळख अशी दगडफुलांवरनं झाली, आणि तो त्यांना फार आवडला. स्वतःच्या लग्नात त्यांनी सगळं जुळवून पाहिलं होतं, गुण, गोत, देवक. नवऱ्याचं नि त्यांचं तेवढं जुळलं नव्हतं. पोरीचं तरी धड व्हावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. हे सांगायला हवं, नाहीतर बाई वाईट होती असं कुणी म्हणेल.

मुलाकडनं आजोबा आले होते. हंबीरराव, रिटायर्ड सुभेदार, ऐंशी पार केलेले, पण पाठ अशी सरळ की खुर्चीची पाठ बिनकामाची. सोबत मुलाचे वडील ज्योतिबा. कुपवाडला त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. दहा माणसं हाताखाली वागवणारा हा गृहस्थ वडिलांसमोर मात्र चहा घ्यायच्या आधी त्यांच्याकडं बघायचा.

देणंघेणं काही नव्हतंच. सुभेदारांनी सुपारी हातात घेतली आणि रीतीप्रमाणं शेवटचा प्रश्न विचारला, देवक कुठलं? नाथाजी म्हणाला, उंबर.

देवक म्हणजे घराण्याचं राखणदार झाड. लग्नाआधी त्याची डहाळी वाजतगाजत आणायची, मांडवात बसवायची. त्याचं लाकूड चुलीत घालायचं नाही. आणि ज्याचं देवक आपलंच, तो आपला भाऊबंद, त्याच्या घरी मुलगी द्यायची नाही न् आणायची नाही. ज्यांची लग्नं जमवून झाली आहेत त्यांना हे सांगायला नको.

"आमचं वड," सुभेदार म्हणाले. "ब्येस. आड येत न्हाई काय."

इथं बैठक संपायची. पण सगळे क्षणभर गप्प बसले, आणि समोर गप्प बसलेली माणसं म्हणजे बाईंची खोड.

"आड कशाला येतंय, सुभेदार?" राजेश्वरीबाई हसत म्हणाल्या. "वड नि उंबर सख्खी भावंडं. आमच्या शास्त्रात दोघांचं आडनाव एकच."

बायका हसल्या. नाथाजीच्या बायकोनं, माया वहिनींनी, पदर तोंडाला लावला. नाथाजीसुद्धा हसला. सुभेदारांनी हातातली सुपारी परत ताटात ठेवली.

त्यांनी विचारलं, हे पुस्तकात आहे का? बाई म्हणाल्या, जगभरच्या पुस्तकांत आहे. एवढ्यावर थांबावं की नाही? पण त्यांनी पुरावेही जोडले. दोघांना चीक सारखा, दोघांची फुलं फळाच्या आत दडलेली, आणि पिंपळही त्यांच्यातलाच म्हणून सांगितलं. सुभेदारांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. चहा घेतला. मुहूर्ताचं नंतर कळवतो म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

आठवडा उलटायच्या आत ज्योतिबांचा फोन आला. आवाज असा, की फोन करणाराच रडतोय की काय. तात्या म्हणताहेत, एकाच घरची देवकं. भाऊ-बहीण होतात. जमणार नाही.

नाथाजीनं मग काय काय केलं नाही. भावकीतली जाणती माणसं पाठवली. मांडवात देवक बसवणाऱ्या गुरवालाच गाडीत घालून नेलं. वड वेगळा, उंबर वेगळा, पिढ्यान्‌पिढ्या वडवाल्यांनी उंबरवाल्यांच्या मुली केल्या, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. सुभेदारांचं उत्तर एकच. तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत झालं. माहीत झाल्यावर डोळे झाकायचे, हे पलटणीत शिकवलं नाही. गावात लोक म्हणाले, म्हातारा चळला. पण त्या घरात म्हाताऱ्याचा शब्द ओलांडत कुणी नव्हतं, न् वीरधवल ओलांडायला तयार झाला तर प्रियदर्शनीच नको म्हणाली. तो म्हणत होता, सुट्टी घेऊन येतो, कोर्टात लग्न करू. ती म्हणाली, तुला ज्यांनी वाढवलं ते भिंतीकडं तोंड करून बसलेले असतील त्या घरात मी पाऊल टाकणार नाही.

बाई रजा टाकून परत भावाकडं आल्या. पोरगी रडली नाही. रडली असती तर बाईंना सोसलं असतं. ती रोज कामाला जात होती, येत होती, जेवत होती. नाथाजीनं बहिणीशी बोलणं टाकलं. माया वहिनी बोलायच्या, पण "वन्स, मीठ द्या," एवढंच. आणि निघायच्या दिवशी प्रियदर्शनी आत्याची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत आली. एस.टी. दिसायला लागल्यावर म्हणाली, "आत्या, तू मोडलंस. आता तूच जोड."

राजेश्वरीबाई सांगलीला आल्या आणि कॉलेजातल्या कपाटांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

ती कपाटं म्हणजे त्यांचा संसार. वाळवून कागदावर टाचलेल्या झाडांचे गठ्ठे आत रचलेले. कुठलं झाड कुठल्या खणात ठेवायचं हे कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं, आणि दर पिढीत कुणीतरी उठून ते चुकीचं ठरवतं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा सगळं शंभर वर्षांपूर्वीच्या दोन इंग्रजांच्या रचनेप्रमाणं होतं. आता अभ्यासक्रम बदलला, आता झाडांची जनुकं तपासून नाती लावतात, आणि बाई गेली काही वर्षं सुट्ट्यांत एकट्याच गठ्ठे या खणातनं त्या खणात हलवत होत्या. झाडांची वाटणी माणसांच्या वाटणीपेक्षा जास्त वेळा मोडते, असं त्या मुलांना नेहमी सांगत. मग वड-उंबराची ताटातूट करणारा एखादा तरी शहाणा होऊन गेला असेलच की. त्याला शोधायचं, आणि सुभेदारांपुढं उभं करायचं.

त्यांनी एकेक साक्षीदार बोलवायला सुरुवात केली. पहिले आपले जुने वैद्य. त्यांनी झाडांचे चार भाग पाडले होते आणि फूल न दाखवता फळणाऱ्यांना वेगळं नाव दिलं होतं. वनस्पती हा शब्द मुळात त्यांच्यापुरताच. वड, उंबर, पिंपळ तिघं एकाच ओळीत. हा साक्षीदार फितूर. मग स्वीडनचा लिनियस. त्यानं फुलांतले केसर मोजून जगातली झाडं खणांत घातली, पण वडा-उंबराचं फूलच दिसेना. उंबराचं फूल दिसत नाही हे आपल्याकडं पोरासोरांना माहीत. त्या बापड्यानं वैतागून दोघांना सुरुवातीला शेवाळ नि नेच्यांच्या पंगतीला बसवलं. पंगत चुकली, पण बसवलं शेजारी-शेजारीच. मग ते दोन इंग्रज. त्यांनी यांना फणस, तुती, भांग आणि अंगाला आग आणणाऱ्या खाजऱ्या झाडांच्या कुटुंबात टाकलं. तिथंही दोघं एकत्र. आजचे जनुकवाले तर म्हणतात, हे सगळं गणगोत गुलाबाच्या नात्यातलं, आणि वड-उंबराबद्दल शंकाच नको, एकाच पोटचे. एक मुद्दा होता. वडाच्या फळात शिरणारी बारीक माशी उंबरात शिरत नाही, दोघांची माशी वेगळी. पण तो त्यांनी गिळला. सुभेदार म्हणाले असते, बघा, माशीलाबी कळतंय लांब ऱ्हावं.

शेवटी एकजण सापडला. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका इटालियन पंडितानं हे एकत्र कुटुंब फोडलं होतं. वडाला एक आडनाव, उंबराला दुसरं. मोठमोठ्या लोकांनी ती वाटणी मान्य केली, हिंदुस्थानातल्या झाडांच्या ग्रंथांत ती छापली गेली. बाईंना इतका आनंद झाला की त्या कपाटाला टेकून हसल्या. मग पुढचं पान वाचलं. ज्या डच माणसानं ती वाटणी उचलून धरली होती त्यानंच वीसेक वर्षांनी चूक झाली म्हणून सगळ्यांना परत एका घरात घातलं.

पुढचं पान त्यांनी मिटलं. पुढचं पान पलूसला न्यायचं नाही, असं ठरवलं.

सुभेदारांचं घर उसाच्या शेतात, रस्त्यापासून आत. बांधावर वड, एवढा मोठा की त्याच्या पारंब्या दुसऱ्याच्या रानात उतरलेल्या. सुभेदार ओसरीवर बसले होते. बाईंना बघून उठले, खुर्ची दिली, प्रवास विचारला. मोडलेल्या सोयरिकीचा राग त्यांच्या वागण्यात कुठं नव्हता. दारातनं एक साठीच्या आसपासची बाई डोकावली, अंगानं बारीक, कपाळाला टिकली, गळा मोकळा. सुभेदार म्हणाले, ही आमची चंद्रा, थोरली लेक. बाईंनी मनात धरलं, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी आलेली असेल.

मग त्यांनी आपला साक्षीदार उभा केला. खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत. पंडिताचं नाव सांगितलं, साल सांगितलं, वडाचं नि उंबराचं वेगवेगळं आडनाव सांगितलं. कुठं थांबायचं ते घरनंच ठरवून आल्या होत्या, तिथं थांबल्या.

सुभेदार रिपोर्ट ऐकावा तसं ऐकत होते. "म्हंजी पंडितांनी वाटणी केली हुती?"

"केली होती की. छापलेली आहे."

"मंग माझी हरकत न्हाई," ते म्हणाले, आणि बाईंना दिसलं की म्हाताऱ्याच्या खांद्यावरनं काहीतरी उतरलं. हा माणूस हट्टानं बसला नव्हता. तो वाट शोधत बसला होता, आणि कुणीतरी येऊन ती दाखवावी म्हणून रोज ओसरीवर येत होता. वीरूचा, नातवाचा, फोन आला की पोरगा बोलत नाही, नुसता हूं करतो, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. मग बांधाकडं बघत म्हणाले, "आनि एक इचारतो. पंचपालवी म्हंत्यात, पाच झाडांची पानं एकत्र. त्यातलं एक पान वडाचं. तर त्या पाचांचं आपसात काय नातं लागतं का?"

काम झालं होतं. बाईंचा जीव हलका झाला होता, आणि हलक्या जिवाची जीभ जास्त चालते.

"छे हो," त्या म्हणाल्या. "आंबा कुठला, जांभूळ कुठलं, वड कुठला! पूजेला हाताशी येतील ती पाच पानं कुणीतरी बांधली. त्याला शास्त्राचा काडीचा आधार नाही."

दारात चंद्राबाई चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं, अगदी जपून, एक थेंब सांडला नाही, आणि परसातल्या गोठ्याकडं निघून गेल्या. सुभेदारांनी कप उचलला नाही. मघाशी उतरलेलं ओझं परत खांद्यावर आलं होतं, आणि आता ते दुप्पट होतं. राजेश्वरीबाईंना एवढंच कळलं की आपण पुन्हा काहीतरी बोलून बसलो. काय, ते कळेना.

त्या उठून गोठ्यात गेल्या. चंद्राबाई म्हशीपुढं उसाचं वाढं टाकत होत्या. वळल्या नाहीत.

"माझी सुपारी फुटली हुती, म्याडम," त्या म्हणाल्या. "तासगावकडचा मास्तर. त्यांचं देवक पंचपालवी. तात्या सुट्टीवर आलं, म्हनलं पाचात वड आलाच की, भाऊबंद झाला. मोडलं, न् सुट्टी संपली तसं पलटनीत गेलं."

पुढचं त्यांनी तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, मधेच म्हशीला सरक म्हणत. नंतर स्थळं आली, त्यांनी प्रत्येकाला नाही म्हटलं. आधी रागानं, मग सवयीनं. मग भावाची पोरं वाढवण्यात वेळ गेला, वीरू तर त्यांच्याच मांडीवर मोठा झाला. तात्या त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. पण त्या बैठकीवरनं आले त्या दिवशी जेवताना म्हणाले, लेकीला एक कायदा नि नातवाला दुसरा, असं कसं करू?

"तात्या माझ्यापायी अडल्यात," चंद्राबाई म्हणाल्या. "तुमच्या वड-उंबरापायी न्हाई. माझ्या वक्ताला एवढ्याशा नात्यावर मोडलं, मंग आता पुस्तकातलं नातं कसं सोडायचं, ह्ये त्यांचं गणित. तुमी वाटणी सांगितली तसं सुटलं बिचारं. आनि लगोलग तुमीच सांगितलं, की माझं मोडलं ते फुकाट मोडलं."

राजेश्वरीबाईंना आयुष्यात पहिल्यांदा म्हशीच्या डोळ्यांत बघावंसं वाटलं, कारण माणसाच्या डोळ्यांत बघायची सोय नव्हती. त्यांनी माफी मागायला तोंड उघडलं. चंद्राबाईंनी हातानंच ती बाजूला सारली आणि विचारलं, ते वाटणीचं खरं आहे ना?

खरं आहे, बाई म्हणाल्या. पण अर्धं. पुढं ती वाटणी मोडली.

"मंग अर्धं वाढून जाऊ नका," चंद्राबाई म्हणाल्या. "ह्या घरात अर्ध्यावर लय वर्सं काढली आमी."

राजेश्वरीबाई परत ओसरीवर आल्या. चहा तसाच होता, वर साय धरलेली. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, पायरीवर बसल्या, आणि सगळं सांगितलं. वाटणी झाली, पुढं तीच मोडली, आणि आज रक्त तपासावं तसं झाडाचं तपासतात तेव्हा वड-उंबर जवळचेच निघतात. बोलताना त्यांना प्रियदर्शनी दिसत होती, फाट्यावर पिशवी घेऊन उभी. आपण तिचं लग्न दुसऱ्यांदा मोडतोय, हे त्यांना कळत होतं.

"मंग अर्धं का सांगितलं?" सुभेदारांनी विचारलं.

"पोरीसाठी."

सुभेदारांनी साय धरलेला कप बाजूला सारला. बाईच म्हणाल्या, "सुभेदार, झाडांची नाती आम्ही लावतो. खणात शोधायला सोपं जावं म्हणून लावायला लागलो, मग खरी कुठली याच्या मागं लागलो. अजून लागलोय. ती झाडांची असतील. पण तुमच्या वाडवडिलांनी वड राखला, आमच्यांनी उंबर राखला. राखणारी माणसं वेगळी होती. ते कुठल्याच पुस्तकाला पुसता येत नाही."

हा मुद्दा त्यांनी येताना तयार केलेला नव्हता. तो पायरीवर बसल्यावर सुचला, आणि पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या बोलण्याचं भय वाटलं, कारण पुढचा प्रश्न कुठला येणार ते त्यांना ठाऊक होतं.

"आनि पंचपालवी राखनारी?" सुभेदार म्हणाले.

 उत्तर दारातनं आलं.

"तीबी येगळीच हुती, तात्या."

चंद्राबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. सुभेदारांनी लेकीकडं बघितलं नाही, बांधाकडंच बघितलं. उसात कुणीतरी पंप चालू केला, त्याचा आवाज यायला लागला.

"लेकीला एक कायदा..." ते म्हणाले.

"माझ्या वक्ताला चुकलं म्हनून वीरूच्या वक्ताला मुद्दाम चुकायचं? त्यातनं मला काय मिळतंय? मला काय द्यायचंच असलं तर तवाचं चुकलं म्हना. न्हाईतर ऱ्हाऊ द्या. पन माझं नाव सांगून पोराचं मोडू नका."

 सुभेदारांनी राजेश्वरीबाईंना विचारलं, सांगलीची गाडी कितीला आहे, आणि स्वतः उठून फाट्यापर्यंत सोडायला आले. 

होकार आला तो पुढच्या महिन्यात, ज्योतिबांच्या फोनवरनं. वैशाखातली तिथी धरा. नाथाजीनं बहिणीला फोन करून तेवढंच सांगितलं, न् ठेवताना "आक्का, जेवलीस का?" म्हणाला. त्यांच्या घरात माफी अशीच देतात. प्रियदर्शनी मात्र पहिल्यासारखी हसली नाही. ती म्हणाली, बरं झालं आत्या, पण आता मला त्या घरात जाताना चंद्राआत्यांकडं बघायची भीती वाटेल. राजेश्वरीबाईंनी तिला सगळं सांगितलं होतं. काही गोष्टी सांगायला नकोत हे त्या अजून शिकतच होत्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी सुभेदारांनी खास निरोप पाठवला, म्याडमना देवकाला बोलवा. मुलीकडचं माणूस मुलाच्या देवकाला बोलवायची रीत नाही, पण म्हाताऱ्याचा निरोप, म्हणून बाई गेल्या. दारात मांडव, हलगी-ताशावाले कडकडाट करत होते. वडाची डहाळी आणायला नवराबायकोची जोडी लागते. ज्योतिबा नि त्यांची बायको नवे कपडे घालून तयार होते, गुरवाच्या हातात कोयता, ताटात हळदकुंकू.

सुभेदार काठी टेकत मांडवात आले आणि म्हणाले, "देवक चंद्रा आनंल."

हलगी थांबली. भावकीतले लोक एकमेकांकडं बघायला लागले. बिनलग्नाची बाई, एकटी, देवकाला? घरातली एवढी लग्नं झाली, चंद्राबाई त्या झाडाच्या वाटेनंसुद्धा गेल्या नव्हत्या. वटपौर्णिमेला गावच्या बायका दोरा गुंडाळायला यायच्या तेव्हा त्या त्यांना पाणी द्यायच्या, ते अंगणातनं.

चंद्राबाई भिंतीशी बसून उद्याचे तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आता न्हाई, तात्या," त्या म्हणाल्या. "आता मला तांदूळ निवडायचं हायत."

 म्हाताऱ्याला जे तोंडानं म्हणता आलं नव्हतं ते त्यानं चारचौघांत असं म्हटलं होतं, आणि ते परत आलं होतं.  सुभेदारांनी गुरवाच्या हातातनं कोयता घेतला आणि एकटेच बांधाकडं निघाले. कुणाला मागं जावं का थांबावं कळेना. ज्योतिबा दोन पावलं गेले, तर म्हाताऱ्यानं काठी मागं करून थोपवलं.

बांध चढताना त्यांचा पाय सरकला. पडले नाहीत, एका गुडघ्यावर आले. सुपातले तांदूळ तसेच टाकून चंद्राबाई कधी उठल्या ते कुणी पाहिलं नाही. त्या मांडवातनं सरळ गेल्या, बापाला काखेत हात घालून उठवलं, कपड्यांची माती झाडली, आणि हात धरून वडाखाली नेलं. सुभेदारांनी कोयता उचलला.  एक घाव घातला, तो सालीवरनं निसटला. दुसरा पारंबीला लागला.

"द्या हिकडं," चंद्राबाई म्हणाल्या. आवाजात माया नव्हती, काम वेळेत व्हावं अशी घाई होती. एका घावात डहाळी खाली आली.

हलगीवाल्यांनी मोठ्या माणसांकडं बघितलं. मोठ्या माणसांनी एकमेकांकडं. भावकीतले आप्पासो, सुभेदारांच्या खालोखाल वयानं मोठे, ते राजेश्वरीबाईंकडं वळले. सुभेदारांनी मोडलेलं लग्न या बाईनं जोडलं, एवढं गावाला कळलेलं होतं, आणि मोडलंही तिनंच होतं हेही.

"काय म्याडम," त्यांनी विचारलं. "बसतंय का ह्ये शास्त्रात?"

सगळा मांडव गप्प होऊन त्यांच्याकडं बघत होता. बाईंना सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

"मला ठाऊक नाही," राजेश्वरीबाई म्हणाल्या.

आप्पासोंनी हलगीवाल्याला मानेनं खुणावलं. चंद्राबाई डहाळी छातीशी धरून झपाझप येत होत्या, तुटल्या जागेतनं चीक लुगड्यावर ओघळत होता, आणि त्या मागं वळून बघत नव्हत्या. सुभेदार बांधावर तसेच उभे होते, एक हात अजून हवेत, मघाशी लेकीनं धरला होता तो. उतरायला आधार हवा होता, पण हाक मारत नव्हते.

राजेश्वरीबाई गेल्या आणि त्यांनी तो हात धरला. मांडवापर्यंत दोघांपैकी कुणी बोललं नाही.